सहावी रेघ रिकामी का होती? टॅब, नोटेशन आणि एका तालमीचं प्रकरण

सहा वर्षं गिटार वाजवणारी एक विद्यार्थिनी, तिच्याइतकाच तयारीचा एक फ्लूटवादक, दोघांसाठी मुद्दाम लिहिलेली ७२ बारची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) एक नवी रचना आणि सादरीकरणाला २६ दिवस. दोघांपैकी कुणाचाही हात कच्चा नव्हता. तरीही बाराव्या दिवशी झालेली पहिली एकत्र तालीम पंचविसाव्या बारच्या पुढे सरकली नाही. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा गाडी तिथेच अडली. तालमीनंतर ती माझ्याकडे आली, टॅबची, म्हणजे गिटारसाठीच्या आकड्यांच्या लिपीची, चार पानं समोर ठेवली आणि म्हणाली, "सर, यातला एकही आकडा मी चुकवत नाहीये."

ते खरं होतं. म्हणूनच हे प्रकरण नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

तिची तयारी कशी झाली होती

ती टॅबवर वाढलेली. टॅब म्हणजे सहा आडव्या रेघा, प्रत्येक रेघ म्हणजे एक तार. सगळ्यात वरची रेघ पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार; सगळ्यात खालची रेघ सहावी, म्हणजे जाड तार. रेघेवरचा आकडा म्हणजे फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेल्या घरांपैकी कितव्या घरात बोट दाबायचं ते, आणि ० म्हणजे मोकळी तार. अर्ध्या तासात कुणालाही समजावं इतकं हे सरळ आहे आणि या सरळपणाला मी कधीच कमी लेखत नाही. पहिल्याच आठवड्यात हातातून ओळखीची धून निघणं ही शिकणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट असते.

तिची पद्धत ठरलेली होती. आवडलेलं गाणं पुष्कळदा ऐकायचं, टॅब उघडायची, रेकॉर्डिंग लावायचं आणि बोटं आकड्यांवर नेत जायची. या पद्धतीने तिचा हात उत्तम तयार झाला. बॅरे (एकाच बोटाने अनेक तारा दाबणं) स्वच्छ, उजव्या हाताची बोटं स्वतंत्र, आवाज भरीव. माझ्याकडे येऊन तिला दोन वर्षं झाली होती आणि या काळात मी तिला पाच रेघांचं नोटेशन, म्हणजे सगळ्या वाद्यांना चालणारी पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला लावलं नव्हतं, कारण तिचं कुठे अडत नव्हतं. हा माझा निर्णय होता आणि या प्रकरणात तोही तपासावा लागला.

नवी रचना लिहिणाऱ्या संगीतकार बाई पियानोवर बसून लिहितात. त्यांनी पाठवलेल्या स्कोअरमध्ये वर फ्लूटची ओळ होती, खाली गिटारची, दोन्ही पाच रेघांच्या नोटेशनमध्ये. वर एक सूचना होती: सहावी तार उतरवून डी (ए ते जी या पाश्चात्त्य स्वरनावांपैकी एक) करावी. मुलीने त्या स्कोअरची फाइल एका सॉफ्टवेअरमध्ये घातली, गिटारच्या ओळीची टॅब करून घेतली आणि सवयीप्रमाणे नुसते आकडे ठेवून बाकी सगळं बंद केलं. मग त्या आकड्यांवर बारा दिवस कसून रियाज केला.

पानांवर दिसलेली पहिली खूण

मी पानं उलटत असताना ती सहज बोलून गेली, "सहावी तार उतरवून डी केली, पण पूर्ण रचनेत ती एकदाही वाजवायची नाही. मग कशाला उतरवायला सांगितली असेल?"

मी पाहिलं. खरंच, सगळ्यात खालची रेघ चारही पानांवर कोरी होती. पाचव्या रेघेवर सगळे मिळून चार आकडे. उलट पहिल्या रेघेवर १२, १३, १५, १७ अशी वस्ती. एकतिसाव्या बारमध्ये तर २२ होता. तिच्या क्लासिकल गिटारला फ्रेट १९. "तिथे काय केलंस?" मी विचारलं. "तो स्वर नव्हताच, म्हणून एक सप्तक खाली आणून दहाव्या फ्रेटवर घेतला."

अख्ख्या रचनेत बरोबर सप्तकात वाजणारा तो एकच स्वर होता. बाकी सगळी रचना एक सप्तक वर चढलेली होती.

गिटारचं नोटेशन लिहिण्याची एक जुनी रूढी आहे. गिटार लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजते. कारण अगदी व्यावहारिक आहे. साध्या जुळणीत गिटारचा सगळ्यात खालचा ई सुमारे ८२ हर्ट्झचा आणि १९ फ्रेटच्या गिटारवरचा सगळ्यात वरचा बी त्याच्यापासून साडेतीन सप्तकांहून जास्त वर. हे सगळं खऱ्या उंचीवर लिहायचं तर पियानोसारखे दोन स्टाफ, म्हणजे पाच रेघांचे दोन संच, लागतील. म्हणून सगळं एक सप्तक वर लिहितात आणि एका ट्रेबल क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगणारी सुरुवातीची खूण) बसवतात. काळजीपूर्वक लिहिणारे क्लेफच्या खाली एक छोटा ८ काढतात. पण कितीतरी छापील गिटार-संगीतात तो ८ नसतो, कारण वाचणारा गिटारवादक आहे आणि त्याला हे माहीत आहे असं धरलेलं असतं. बाईंनीही तो काढला नव्हता आणि वाचणारं माणूस असतं तर काहीच बिघडलं नसतं.

वाचलं सॉफ्टवेअरने. त्याला ८ दिसला नाही, म्हणून त्याने प्रत्येक स्वर लिहिला तसाच खरा मानला. मोकळ्या सहाव्या तारेवर ७३ हर्ट्झवर घुमायला हवा होता तो डी, टॅबमध्ये मोकळ्या चौथ्या तारेवर, १४७ हर्ट्झवर जाऊन बसला. खालचा सगळा मजला नाहीसा झाला आणि वरचे स्वर थेट फ्लूटच्या मध्यभागी शिरले. फ्लूटवादकाची तक्रार होती की गिटार आपल्या अंगावर येते. गिटार फार जोरात वाजते म्हणून तसं होतं असं त्याला वाटत होतं, पण अडचण आवाजाच्या जोराची नव्हतीच.

टॅब अचूक होती. चुकीच्या गोष्टीची अचूक टॅब. प्रत्येक आकड्याला एक निश्चित तार आणि एक निश्चित जागा असते, त्यामुळे टॅब वाचताना शंकेला वावच राहत नाही. पाच रेघा वाचणाऱ्या गिटारवादकाने पाच रेघांच्या खाली जोडलेल्या तिसऱ्या जादा रेघेखालचा स्वर पाहिला असता आणि त्याचा हात आपोआप खालच्या तारेकडे गेला असता, कारण त्याच्या डोळ्यांना खाली म्हणजे खाली दिसतं. पानावर स्वरांची उंची दिसणं हा नोटेशनचा मूळ गुण आहे. टॅबमध्ये पहिल्या रेघेवरचा ० आणि पाचव्या रेघेवरचा १९ हा एकच स्वर असतो, आणि पानाकडे पाहून ते कळायची सोय नसते.

पंचविसाव्या बारमध्ये काय झालं

सप्तकाचा घोळ सुटला तरी तालीम कोलमडण्याचं कारण तो नव्हता. एक सप्तक वर वाजवूनही दोघं एकत्र शेवटापर्यंत जाऊ शकले असते. अडलं होतं लयीवर.

रचनेचे पहिले २४ बार तीन-चारमध्ये आहेत, म्हणजे एका बारमध्ये तीन क्वार्टर नोट. पंचविसाव्या बारपासून सहा-आठ सुरू होतो, म्हणजे सहा एट्थ नोट; एट्थ नोट क्वार्टर नोटच्या निम्म्या लांबीची असते. गणिताने दोन्ही बारांची लांबी सारखीच आहे. फरक आहे तो गटांमध्ये. तीन-चारमध्ये सहा एट्थ नोट दोन-दोनच्या तीन जोड्यांत चालतात, सहा-आठमध्ये तीन-तीनच्या दोन गटांत.

तिच्या पानावर चोविसाव्या बारमध्ये असं होतं: १२, १३, १५, १७, १५, १३. पंचविसाव्या बारमध्येही तेच: १२, १३, १५, १७, १५, १३. आकड्यांत एका ठिपक्याचाही फरक नाही. तिने दोन्ही बार सारखेच वाजवले, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या स्वरावर वजन देऊन. फ्लूटवादकाच्या पानावर मात्र दोन बार दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते. पंचविसाव्या बारपासून तो पहिल्या आणि चौथ्या स्वरावर वजन देऊ लागला. स्वर तेच, वेग तोच, आणि तरी दोघांना एकमेकांचं वाजवणं चुकीचं वाटू लागलं. दोन-तीन बारांत दोघंही आपापली मात्रा सोडून दुसऱ्याची शोधायला लागले आणि मग सगळंच विस्कटलं.

नोटेशनमध्ये हा फरक डोळ्यांत भरतो. टाइम सिग्नेचर, म्हणजे ३/४ किंवा ६/८ असं लिहिलेलं माप, बदलते हे तर आहेच, शिवाय एट्थ नोटच्या दांड्यांना जोडणारी आडवी पट्टी चोविसाव्या बारमध्ये दोन-दोन स्वरांना बांधते आणि पंचविसाव्यात तीन-तीन स्वरांना. ती पट्टी म्हणजे हातासाठी काढलेलं चित्रच आहे. एक शब्द न वाचताही वजन कुठे पडायचं ते कळतं.

मी तिला टॅब बाजूला ठेवायला सांगितली आणि दोन्ही बारांच्या नुसत्या टाळ्या वाजवून दाखवल्या. तिसऱ्या वेळेला तिने मान डोलावली. "हे आधी कुणी वाजवून दाखवलं असतं तर मी लगेच उचललं असतं."

मला वाटतं या प्रकरणाची नाडी त्या वाक्यात आहे.

टॅबची उधारी

सहा वर्षं ती टॅब वाचते आहे असं तिलाही वाटत होतं आणि मलाही. खरं तर ती अर्धंच वाचत होती. उरलेलं अर्धं तिच्या कानात आधीपासून होतं. गाणं शंभरदा ऐकलेलं, त्यामुळे कुठला स्वर किती वेळ धरायचा, कुठे थांबायचं, कुठे वजन द्यायचं हे पानावर नसलं तरी तिला ठाऊक असायचं. आकडे फक्त बोटांची जागा सांगायचे. ही जोडी इतकी बेमालूम जमली होती की पानात काही कमी आहे हे जाणवायचा प्रसंगच आला नाही.

या रचनेचं रेकॉर्डिंग नव्हतं. ती कुणीही कधीच वाजवली नव्हती. पहिल्यांदाच तिच्यासमोर नुसतं पान आलं, आणि पान आजवर कानाकडून जे उधार घेत होतं ते द्यायला कुणी उरलं नाही.

टॅबला लय लिहिताच येत नाही, असं यावरून कुणी म्हणेल तर ते साफ चुकीचं आहे. टॅब ही काही इंटरनेटची निर्मिती नाही. व्हेनिसमध्ये १५०७ मध्ये ल्यूट या गिटारसारख्या जुन्या तारवाद्यासाठीच्या टॅबचं छापील पुस्तक निघालं होतं. त्या काळच्या टॅबमध्ये आकड्यांच्या किंवा अक्षरांच्या वर लयीच्या खुणा ओळीने मांडलेल्या असत. इटालियन पद्धतीत आकडे असत आणि सगळ्यात खालच्या सुराची तार वरच्या रेघेवर काढत. फ्रेंच पद्धतीत ए, बी, सी अशी अक्षरं असत आणि वरची रेघ सगळ्यात उंच तारेची. १५३६ मध्ये व्हॅलेन्सियात लुईस मिलान या संगीतकाराने व्हिहुएला या गिटारसारख्या स्पॅनिश वाद्यासाठी आपलं संगीत छापलं त्यात आकडे आहेत आणि उंच तार वर आहे, अगदी आजच्या गिटार टॅबसारखी. त्या वादकांजवळ ऐकायला रेकॉर्डिंग नव्हतं. म्हणून त्यांच्या पानाला लय सांगावीच लागे.

लय गळाली ती अलीकडच्या, कीबोर्डवर टंकलेल्या टॅबमधून. आडव्या रेघा म्हणजे डॅश, त्यांच्यामध्ये आकडे, आणि लयीसाठी फार तर आकड्यांमधलं कमीजास्त अंतर. ती टॅब ज्यांच्यासाठी होती त्या प्रत्येकाजवळ गाणं ऐकायची सोय होती, त्यामुळे गळती चालून गेली. आजची बहुतेक सॉफ्टवेअरं टॅबच्या खाली दांड्या आणि पट्ट्या दाखवू शकतात. तिच्याही सॉफ्टवेअरमध्ये ती सोय होती. तिने ती बंद केली, कारण त्या खुणा तिला कधी लागल्याच नव्हत्या.

चौदा दिवसांत काय केलं

चौदा दिवसांत एखाद्याला सराईतपणे नोटेशन वाचायला शिकवता येत नाही. तसा हट्ट धरला असता तर तिचा आत्मविश्वास गेला असता आणि रचनाही बसली नसती. दुसरा सोपा मार्ग होता: मी संपूर्ण गिटारची ओळ वाजवून रेकॉर्ड करून द्यायची, म्हणजे ती दोन दिवसांत पाठ करेल. तो मी मुद्दाम टाळला. त्याने सादरीकरण निभावलं असतं, पण तिची जुनी उधारी तशीच राहिली असती.

आम्ही दोन्ही लिप्यांमध्ये काम वाटून दिलं. नोटेशनकडून फक्त तीन गोष्टी घ्यायच्या: लय, स्वराची लांबी आणि वर-खाली जाण्याची दिशा. बोटांची जागा टॅबकडून. स्कोअरची नवी प्रत काढली, क्लेफखाली ८ लिहिला, आणि गिटारच्या स्टाफखाली सहा कोऱ्या रेघा छापून घेतल्या. आकडे तिने स्वतः पेन्सिलने भरायचे. सॉफ्टवेअरकडून एकही घ्यायचा नाही.

पहिले तीन दिवस गिटारला हातच लावला नाही. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) लावून सगळे ७२ बार टाळ्यांनी आणि "ता" म्हणत. कंटाळवाणं काम आहे हे, पण पंचविसावा बार या तीन दिवसांत सुटला.

मग आकडे भरणं सुरू झालं आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवणारा भाग आला. अठराव्या बारमध्ये एक उतरती ओळ आहे: ए, जी, एफ, ई. ती पहिल्या तारेवर ५, ३, १, ० अशी येते. दुसऱ्या तारेवर तीच १०, ८, ६, ५. चारही स्वर तेच. पण पहिल्या तारेवर ते उजळ आणि धारदार वाजतात, शेवटचा ई मोकळ्या तारेचा म्हणून वेगळाच चमकतो. दुसऱ्या तारेवर ओळ मऊ, गोल, एकाच रंगाची राहते. नोटेशनच्या पानावर या दोन्हींचं चित्र एकच आहे. पियानोवर एका स्वराला एकच पट्टी असते, म्हणून पियानोवाल्यांना हा प्रश्न पडतच नाही. गिटारवर तो प्रत्येक ओळीला पडतो. स्टाफवर तार सांगायची असेल तर वर्तुळात तिचा क्रमांक लिहायची पद्धत आहे, वर्तुळात २ म्हणजे दुसरी तार. टॅबमध्ये काहीच वेगळं लिहावं लागत नाही, कारण टॅब मुळात तेवढंच सांगते. सहा वर्षं तिने दुसऱ्यांचे असे निर्णय वाजवले होते. आता निर्णय तिचे होते, आणि एकेका ओळीवर ती अर्धा-अर्धा तास घालवायला लागली.

उतरवलेली सहावी तारही इथे मजेशीर ठरली. नोटेशन वाचणाऱ्याला तार डी केली की त्या तारेवरचा प्रत्येक स्वर दोन फ्रेट पुढे शोधावा लागतो. ई मोकळ्या तारेवरून दुसऱ्या फ्रेटवर जातो, जी तिसऱ्यावरून पाचव्यावर. मुरलेले वादकही इथे ठेचकाळतात. टॅबवाल्याला त्याचं काही वाटत नाही, आकडा लिहिला तिथे बोट. सतराव्या शतकात ल्यूटच्या जुळण्या सतत बदलत होत्या तेव्हा टॅब टिकून राहिली, त्यात या सोयीचा मोठा वाटा आहे.

नवव्या बारचा पेच

नवव्या बारमध्ये ती अडली आणि तासाभराने फोन केला. "सर, इथे एकाच रेघेवर दोन आकडे येतायत."

बाईंनी तिथे खालचा डी आणि त्याच्यावरचा एफ एकत्र लिहिला होता. डी मायनरची रचना, तेव्हा डाव्या हाताला तिथे हीच जोडी सुचणार. पियानोवर ती अगदी सहज वाजते. गिटारवर पाचवी तार मोकळी ११० हर्ट्झला ए देते, त्यामुळे त्याच्याखालचा कुठलाही स्वर फक्त सहाव्या तारेवर मिळतो. डी मोकळ्या सहाव्या तारेवर, एफ त्याच तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. एक तार एका वेळी एकच स्वर देते.

नोटेशनमध्ये ही जोडी निर्धोक दिसते, एकावर एक दोन ठिपके. टॅबमध्ये ती लिहिताच येत नाही. एका रेघेवर एकाच जागी ० आणि ३ कसे मांडणार? जी गोष्ट हाताला अशक्य आहे ती टॅबच्या कागदालाही अशक्य आहे. गिटारसाठी लिहिणाऱ्या पियानोवादकांनी स्वतः टॅब भरून पाहावी असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

आणि हा पेच पहिल्या बारा दिवसांत का दिसला नव्हता? कारण एक सप्तक वर तीच जोडी पाचव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर आणि चौथ्या तारेच्या तिसऱ्यावर आरामात बसते. पाचव्या रेघेवरच्या त्या चार आकड्यांपैकी हा एक होता. पहिल्या चुकीने दुसरी झाकून ठेवली होती.

तिने बाईंना विचारलं. त्यांनी एफ एक सप्तक वर, चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर नेला, आणि खालच्या डीला एकट्यालाच घुमू दिलं. ऐकल्यावर त्याच म्हणाल्या की हे आधीपेक्षा मोकळं वाटतंय.

धरून ठेवलेला स्वर

एका ठिकाणी तिची पेन्सिलची टॅबही कमी पडली. बेचाळिसाव्या बारमध्ये खाली बी फ्लॅट आहे, पाचव्या तारेचा पहिला फ्रेट. वर डी, दुसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट. आणि मग एफ, पहिल्या तारेचा पहिला फ्रेट. आकडे १, ३, १. तिने पहिलं बोट पाचव्या तारेवर ठेवलं आणि एफ यायच्या वेळी तेच बोट उचलून पहिल्या तारेवर नेलं. बोट उचललं तसा बी फ्लॅट मेला आणि वरची ओळ अधांतरी लटकली.

मी तिला स्टाफ दाखवला. बी फ्लॅटची दांडी खाली जाते आणि तो पूर्ण बारभर धरायचा स्वर आहे. डी आणि एफच्या दांड्या वर जातात. एकाच स्टाफवर दोन आवाज शेजारी नांदतात, दोघांच्या दांड्यांच्या दिशा वेगळ्या. खालचा स्वर बार संपेपर्यंत जिवंत राहायला हवा हे तिने वाचलं आणि बोट न उचलता एफ कसा मिळेल याचा विचार केला. पहिल्या फ्रेटवर बॅरे. एका बोटाने पाचवी तार आणि पहिली तार दोन्ही. हात तिचाच, बॅरे तिला कधीपासून येत होता, फक्त तो इथे लागतो हे १, ३, १ मधून कळत नव्हतं.

टॅब स्वर कुठे सुरू होतो ते दाखवते. तो कुठे संपतो हे तिच्यात बहुधा नसतं. एकट्या चालीला त्याने फारसं बिघडत नाही, पण दोन-तीन आवाज एकत्र चालणाऱ्या संगीतात अर्धा जीव तिथेच असतो. फर्नांडो सोर या स्पॅनिश गिटारवादक-संगीतकाराच्या काळापर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गिटार टॅब सोडून पाच रेघांवर आलेली होती. त्याच्या रचनांमधली आवाजांची गुंफण पाहिली की वर-खाली जाणाऱ्या या दांड्यांचं मोल कळतं.

एकमेकांशी बोलणं

दुसऱ्या तालमीत आणखी एक लहानशी पण सतत टोचणारी गोष्ट निघाली. फ्लूटवादक म्हणायचा, "तेविसाव्या बारच्या तिसऱ्या मात्रेचा बी फ्लॅट जरा आधी येतोय." ती मनात तिसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट शोधायची. ती म्हणायची, "मी सातव्या फ्रेटवर जाते तिथून घेऊया का?" आणि तो गप्प. फ्लूटला फ्रेट नसतात. टॅब ही एकाच वाद्याची, तीही एका ठरावीक जुळणीची भाषा आहे. स्वराचं नाव ही सगळ्यांची. तिने तालमीपुरती बार क्रमांक आणि महत्त्वाच्या स्वरांची नावं पानावर लाल पेन्सिलने लिहून घेतली. तिसऱ्या तालमीपर्यंत ती स्वतःच "सी शार्पवर थोडं थांबूया, लगेच डी येतोय" असं म्हणू लागली होती. आकड्यात २ नंतर ३ एवढंच दिसतं. नाव घेतल्यावर तिला त्या सी शार्पची डीकडे असलेली ओढ ऐकू यायला लागली, असं तिनेच मला सांगितलं.

सादरीकरण आणि त्यानंतर

सादरीकरण झालं. पंचविसाव्या बारमधला बदल इतका सहज आला की मी ऐकताना मोजायचंच विसरलो. त्रेपन्नाव्या बारमध्ये तिची एक मात्रा गेली. आधी असं झालं की ती शेवटचा लक्षात असलेला आकडा शोधत बसायची. या वेळी तिने एक बार सोडला, फ्लूटच्या ओळीवर नजर टाकली आणि पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर परत आली. तिच्यासमोर दोघांचा स्कोअर होता म्हणून हे जमलं; नुसत्या टॅबच्या पानावर शेजारचा काय वाजवतोय हे दिसलं नसतं.

माझ्या शिकवण्यात मी त्यानंतर एक बदल केला. टॅब कुणाचीही काढून घेत नाही. पण महिन्यातून एकदा प्रत्येकाला आठ बारची अशी चाल देतो की जी त्यांनी कधी ऐकलेली नाही, आणि ती कुठे ऐकायलाही मिळणार नाही. कान काय पुरवत होता आणि पान काय सांगत होतं, ते तिथे वेगवेगळं दिसतं. या मुलीला मी हे दोन वर्षं आधी द्यायला हवं होतं.

ती आता पहिल्या पाच फ्रेटपर्यंतचं नोटेशन बऱ्यापैकी वाचते. त्याच्या वर अजून मोजत जाते. बाईंनी दोघांसाठी दुसरी रचना लिहायला घेतली आहे आणि क्लेफखाली ८ आहे. परवा तिने त्यांना विचारलं की दुसऱ्या ओळीतला लांब ए कुठल्या तारेवर घेऊ. त्यांनी कळवलं, "ते तू ठरव. मला तो मऊ हवा आहे." तिने स्टाफवर त्या स्वराशेजारी वर्तुळात २ लिहिला आणि खालच्या कोऱ्या रेघांपैकी दुसरीवर १०.